न फाडलेला पास

३ फेब्रुवारी

चिमे,

हे पाकीट तू फोडलंस, कारण वरचा पत्ता मेव्हण्यांच्या अक्षरात आहे. माझं अक्षर दिसलं असतं तर पाकीट तसंच रद्दीत गेलं असतं. मेव्हण्यांना बोलू नकोस. त्यांना मी बसस्टँडवर गाठलं, चहा पाजला आणि सहा पाकिटांवर तुझा पत्ता लिहून घेतला. माणूस भिडस्त आहे, त्यांना नाही म्हणता आलं नाही. तेव्हा सहा पत्रं तुला येणारच. वाच, नाहीतर नको वाचूस.

अकरा वर्षं झाली. आधी कोण बोलणार या बाबतीत आपण दोघंही आईवर गेलोय. पण आता मी बोलतो, कारण बातमीच तशी आहे. आजीबाई उडणार आहे.

हो, तीच. अण्णांचं विमान. अण्णा जिच्या चाकांना ग्रीस लावायचे आणि जिची इंजिनं स्वतःच्या चष्म्यापेक्षा जास्त वेळा पुसायचे, ती. दोन पंख्यांची, अठ्ठावीस खुर्च्यांची, शेपटीखाली एवढंसं चाक, त्यामुळे उभी असली की नाक वर करून बसणारी. सेवेतून काढल्यावर तीस वर्षं ती बागेत पडून होती आणि मुलं तिच्या पंखावरून घसरगुंडी खेळत होती. आमच्या विमानवेड्यांच्या क्लबाने तिला उचलून आणलं, सुटी केली आणि नऊ वर्षं घालवून पुन्हा जोडली. परवाना फक्त एका हंगामाचा मिळालाय. पुढे तिच्या पंखातला कणा चालणार नाही म्हणतात. पहिलं उड्डाण ६ एप्रिलला, सकाळी साडेदहाला.

माझी वही तुला माहीतच आहे. चौतीस वर्षं लिफ्ट तपासण्यात गेली. लोकांना वर न्यायचं, सुखरूप खाली आणायचं, बस. पण सुट्टी मिळाली की मी जुन्या विमानांच्या मागे. एकदा बारा मिनिटांच्या उड्डाणासाठी एकोणीस तास बसमध्ये काढले. आमच्यात नियम एकच. चाकं जमिनीवरून सुटली तरच वहीत नोंद. नुसतं आत बसलात, धावपट्टीवर फिरलात, तर ते मोजायचं नाही. कुणी तपासायला येत नाही, सगळं ज्याच्या त्याच्या शब्दावर. माझ्या वहीत सत्तेचाळीस विमानं आहेत आणि पहिली नोंद आजीबाईची, वय वर्षं अकरा. ही नोंद क्लबात दुसऱ्या कुणाकडे नाही. म्हणून डावीकडची चार नंबरची खुर्ची मला मानाने दिली आहे. छापील कार्यक्रमात लिहिलंय, ‘सेवेच्या काळातला हयात असलेला एकमेव प्रवासी’.

तू ये. कुंपणाशी उभी राहा आणि बघ.

आणि विषय निघालाच आहे म्हणून लिहितो. अण्णांच्या शोकसभेत मी त्याच उड्डाणाची गोष्ट सांगत होतो आणि तू मधेच उठून गेलीस. भरल्या सभेतून. चप्पल घालताना मुद्दाम आवाज केलास. मला वाटलं, तुझ्या मनात अजून ती चिठ्ठी आहे. कबूल आहे, त्या उड्डाणाचा पास घरात एकच आला होता, चिठ्ठी तुझी निघाली होती आणि रडलो मी. आठ वर्षांची तू, म्हणालीस, “जा दादा, पण आल्यावर सगळं सांग.” सांगितलं ना मग? शंभर वेळा सांगितलं. मग सभेतून उठून जाण्यासारखं काय होतं?

दादा

१९ फेब्रुवारी

चिमे,

एक पाकीट वाया गेलं. पाच उरली.

मी दर शनिवार-रविवार हँगरमध्ये असतो. माझ्याकडे पत्रा घासायचं काम आहे. आजीबाईचं अंग पांढऱ्या पेस्टने घासायचं, फडकं काळं होईपर्यंत, मग दुसरं फडकं. सात दिवसांत मी दरवाजापासून तिसऱ्या खिडकीपर्यंत पोचलो. खांदा बोलायला लागलाय, पण आता तिच्यात तोंड दिसतं. माझं दिसतं ते काही फार बघण्यासारखं नाही, ते जाऊ दे.

दुरुस्तीच्या प्रमुख बाईंना आम्ही पानाबाई म्हणतो. हातात पाना नसला तर त्यांना त्यांची आईसुद्धा ओळखणार नाही. पंचेचाळिशीच्या आहेत, बोलणं मोजकं. गेल्या रविवारी खुर्च्या बसवून झाल्या तेव्हा सगळे म्हणाले, “काका, तुमच्या जागेवर बसा.” बसलो. सगळे भोवती जमले, मग काय, मी सुरू केलं. आधी शेपूट कसं उचललं. मग चाकं कशी सुटली. मग डावं चाक आधी मुडपलं, उजवं जरा मागाहून, थंडीत म्हातारीने पाय पोटाशी घ्यावेत तसं. हे वाक्य मी बावन्न वर्षं सांगतोय आणि ते कधी वाया जात नाही. सगळे हसले.

पानाबाई विमानाच्या तळातल्या झाकणातून अर्ध्या आत होत्या. तिथूनच म्हणाल्या, “काका, चाक तुम्हाला कुठून दिसलं?”

“खिडकीतून.”

“त्या खिडकीतून पंख दिसतो. त्याच्या पुढे इंजिन. चाक त्या दोन्हीच्या खाली. मान बाहेर काढली असतीत तरी दिसलं नसतं.”

मी बाहेर बघितलं. पंख. नुसता पंख, टेबलाएवढा रुंद. मी म्हणालो, “लहान होतो, दुसऱ्या कुठल्या विमानाशी गल्लत झाली असेल.” त्या म्हणाल्या, “असेल.” आणि वर येऊन माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या.

बाई हुशार आहेत, पण प्रत्येक गोष्टीत खुसपट काढायची सवय बरी नाही. अकरा वर्षांचं पोर कुठे काय बघतं आणि पुढे काय लक्षात ठेवतं, याला काही हिशेब असतो का?

आज हे तुला लिहिताना एक आठवलं. तू तेरा वर्षांची असताना आजीबाईचं चित्र काढलं होतंस, आलेखाच्या कागदावर, बाजूने, मापात. माझ्या खिडकीपासून चाकापर्यंत पट्टीने रेघ मारलीस आणि म्हणालीस, “दादा, मध्ये पंख येतोय.” मी तो कागद चुरगळून टाकला होता. पुढे तू पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नळांचे नकाशे काढायला लागलीस आणि तिथले साहेब तुझ्या रेघेला घाबरायचे, असं मेव्हणे सांगत होते. घाबरत असतील.

६ एप्रिलचं विसरू नकोस. सकाळच्या पहिल्या बसने निघालीस तर साडेनऊला फाटकाशी पोचशील. हल्ली झोप नीट लागत नाही. गुडघ्यामुळे असेल.

दादा

२ मार्च

चिमे,

तुझं कार्ड आलं. अकरा वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. मायना नाही, सही नाही. नकाशावर नळाचं माप लिहावं तसं बारीक: ‘बाई बरोबर सांगतात. मी तेराव्या वर्षी तेच सांगत होते. अण्णांनी जायच्या आठवडाभर आधी मला सांगितलं. आता तू सांग. तो पाऊण तास कुठे होतास?’

म्हणजे तुला माहीत होतं. शोकसभेत पहिल्या रांगेत बसलीस तेव्हाही माहीत होतं, आणि मी समोर उभा राहून हातवारे करत होतो. वर हेही म्हणालो की माझी धाकटी बहीण गच्चीवरून पिवळा टॉवेल हलवताना मला खिडकीतून दिसली. तिथेच उठलीस तू. आता कळलं. खरं तर तेव्हाही कळलं होतं, पण न कळल्यासारखं करणं मला सोपं गेलं.

पुढचं वाक्य लिहायला तीन दिवस घेतले. मी उडलो नव्हतो.

तू ‘सगळं सांग’ म्हणाली होतीस. सगळं सांगतो.

अण्णांनी मला शिडीपर्यंत नेलं आणि ते चाकांकडे गेले. उड्डाणाआधी चाकांखालचे लाकडी ठोकळे काढायचं काम त्यांचं होतं. मी रांगेत शेवटचा. शिडीला सात पायऱ्या. वर दारात एक बाई पासाचा कोपरा फाडून एकेकाला आत घेत होत्या. मी सहाव्या पायरीवर होतो तेव्हा मला आत दिसलं. मधली वाट सरळ नव्हती, नाकाकडे चढत गेली होती, आणि वर टोकाशी पायलटच्या खोलीचं दार उघडं होतं आणि त्यात नुसती घड्याळं. नव्या कापडाचा, तेलाचा आणि कुणाच्या तरी उलटीचा वास. तेवढ्यात पलीकडचं इंजिन सुरू झालं. दोनदा खोकलं, धूर सोडला, आणि शिडी माझ्या पायाखाली थरथरायला लागली. आधी ठरवलं वगैरे काही नव्हतं. पाय वळले. मी उतरलो. दारातल्या बाईंनी विचारलं, “कुणी राहिलंय का?” मी शेपटीमागे उभा होतो, बोललो नाही. त्यांनी दार लावलं.

चिमे, चार नंबरची खुर्ची रिकामी गेली. ती तुझी होती, तू मला दिलीस आणि मी ती कुणालाच दिली नाही. तू गच्चीवर उभी राहून ज्या खिडकीकडे बघून टॉवेल हलवलास, तिच्यात कुणी नव्हतं.

मी हत्यारांच्या खोलीत जाऊन बसलो. एका खोक्यावर, पान्यांच्या फळीसमोर. फळीवर प्रत्येक पान्याची आकृती रंगवलेली होती, म्हणजे कुठला परत आला नाही ते लगेच कळावं. मी त्या रिकाम्या आकृत्या मोजत बसलो. सहा होत्या. पाऊण तास मी हेच केलं.

अण्णा आले ते विमान उतरायच्या जरा आधी. मला बघून त्यांना आश्चर्य वाटलं नाही, त्यांनी मला उतरताना पाहिलं होतं. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. फडक्याने माझं तोंड पुसलं, तोंडाला ग्रीस लागलं, मग ते पुसलं. मी म्हणालो, “चिमीला काय सांगू?”

त्यांनी फडक्याची घडी घातली. मग म्हणाले, “आत्ता खरं सांगितलंस तर तिच्या हातून विमान दोनदा जाईल. मी सांगतो ते सांग. मोठा झालास की खरं सांग.”

आणि त्यांनी मला सांगितलं. आधी शेपूट उचलतं. मग चाकं सुटतात. मग डावं चाक आधी मुडपतं, उजवं जरा मागाहून, थंडीत म्हातारीने पाय पोटाशी घ्यावेत तसं. ते सांगत होते आणि मी पाठ करत होतो.

त्या रविवारी चार नंबरच्या खुर्चीवर बसून तो टेबलाएवढा पंख बघितला तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. चाक खिडकीतून दिसतच नाही. खालून दिसतं. अण्णा त्या विमानात एकदाही उडले नव्हते. बावीस वर्षं ठोकळे काढून मागे सरायचे आणि मान वर करून बघायचे. मी तुला जे शंभर वेळा सांगितलं, सभेत सांगितलं, क्लबात सांगितलं, ते सगळं जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाचं बघणं होतं. ते त्यांचं होतं, मी माझं म्हणून खपवलं.

‘मोठा झालास की खरं सांग’ म्हणाले होते. मी त्रेसष्ट वर्षांचा आहे.

माफ कर असं लिहिणार होतो, पण तुझ्या कार्डावर ते मागितलेलं नाही. तू फक्त विचारलंस, कुठे होतास. तिथे होतो.

दादा

१५ मार्च

चिमे,

काल क्लबाची सभा होती. मी उभा राहिलो आणि म्हणालो, माझी पहिली नोंद खोटी आहे. मग वही काढली आणि सगळ्यांसमोर लाल पेनाने ती ओळ खोडली.

तुला वाटेल, यात एवढं काय? बाहेरच्या माणसाला काहीच नाही. पण आमच्याकडे लोक बाकी सगळं माफ करतात, खोटी नोंद नाही. इथे एकाच्या डोळ्याला डोळा लागला आणि उड्डाण झोपेत झालं, तर तो नोंदीपुढे तसं लिहितो. समोरच्या दोघांनी आपापल्या वह्या मिटून ठेवल्या. आनंद झाला तो फक्त दातांच्या डॉक्टरांना. ते बारा वर्षं शेहेचाळीसवर अडकलेत आणि मी सत्तेचाळीसवर. आता बरोबरी झाली. बिचाऱ्यांनी चेहरा गंभीर ठेवायचा फार प्रयत्न केला.

अध्यक्षांना आम्ही कॅप्टन म्हणतो. ते स्वतः आजीबाई चालवणार आहेत. ते म्हणाले, “काका, मानाची खुर्ची गेली तुमची. कळतंय ना?”

मी म्हणालो, “कळतंय. पण ती माझी नव्हतीच. जिची होती तिला द्या.”

मग मी पास काढला. तो तू पाहिलेला नाहीस. बावन्न वर्षं तो माझ्या वहीच्या पुठ्ठ्यात, आतल्या कागदाखाली, चिकटवून ठेवला होता. फेकायचा धीर झाला नाही आणि बघायचाही झाला नाही. ब्लेडने कागद सोडवला. फिकट निळा, जरा पिवळटलाय. ‘कर्मचारी कुटुंब उड्डाण. एक आसन. डावी चार.’ आणि खाली नाव तुझं. चिठ्ठी तुझी निघाली तेव्हा अण्णांनी कचेरीत तुझं नाव घातलं होतं, नंतर ते बदलायला वेळ मिळाला नाही. तारखेच्या जागी रेघ आहे, कुणीच भरली नाही. आणि चारही कोपरे शाबूत.

मी म्हणालो, “हा पास या विमानाचा आहे. या खुर्चीचा आहे. वापरलेला नाही. मुदत लिहिलेली नाही. आणि जिचा आहे ती हयात आहे. आता तुम्हीच सांगा, ही खुर्ची कुणाची?”

चिमे, ही माणसं अशी आहेत की माणसावर विश्वास ठेवायला वेळ लावतात, पण कागद दिसला की विरघळतात. कॅप्टननी भिंग मागवलं. पास हातोहात फिरला. एकाने वास घेतला. दोघं म्हणाले, कंपनीच बुडाली तर पास कसला चालतो. तिसरा म्हणाला, कंपनी बुडाली, विमान कुठे बुडालंय? तासभर भांडले. कुणीतरी म्हणालं, खोटारड्याच्या बहिणीला मान कशाला? मी उभाच राहिलो होतो, म्हणालो, “मला काय म्हणायचं ते म्हणा. ती आठ वर्षांची असताना तिने आपली खुर्ची रडणाऱ्या भावाला दिली. तुमच्यापैकी कुणी देईल?” खरं सांगायचं तर कुणीच दिली नसती, आम्ही तसल्या जातीचेच नाही. मग डॉक्टर उठले आणि म्हणाले, “पास शाबूत आहे. माझं मत बाईंना.” त्या क्षणी मला ते शेहेचाळीस-सत्तेचाळीसचं सगळं फार पोरकट वाटलं, आणि डॉक्टर आवडले.

सात विरुद्ध चार. खुर्ची तुझी.

मला शिक्षा झाली, ती व्हायलाच हवी होती. या हंगामाच्या सगळ्या उड्डाणांतून माझं नाव काढलं. परवाना या हंगामापुरताच आहे, म्हणजे आजीबाईत मी कधीच बसणार नाही. मला वाईट वाटलं का? वाटलं. घरी आल्यावर जेवण गेलं नाही. पण ते माझं मी बघीन.

सोबत फॉर्म आहे. क्लबाचं सभासद असल्याशिवाय बसता येत नाही, विमानखात्याचा नियम आहे. मी भरलाय, तू फक्त सही कर. तू अजून एकदाही विमानात बसली नाहीस, मेव्हणे म्हणाले. मुलीकडे जायलासुद्धा दोन दिवस रेल्वेने जातेस. लहानपणी म्हणायचीस, पहिल्यांदा बसेन तर अण्णांच्याच विमानात. ते अजून धरून ठेवलं असशील असं मला वाटत नाही. पण तू तू आहेस.

दादा

२८ मार्च

चिमे,

फॉर्म परत आला. माझ्या अक्षरावर तू पाच ठिकाणी लाल शाईने दुरुस्त्या केल्यात. जन्मतारीख चुकली होती हे कबूल. ‘वजन’ या रकान्यात मी लिहिलेला आकडा तू ज्या जोराने खोडलास त्याने कागद फाटलाय. सगळं बरोबर केलंस. सहीची जागा मात्र कोरी.

याचा अर्थ काय लावायचा ते मेव्हण्यांना फोन करून विचारलं. ते म्हणाले, “मी आता यात नाही.” म्हणजे तू त्यांना पाकिटांवरून फैलावर घेतलेलं दिसतंय.

तेव्हा सरळ सांगतो. कॅप्टन म्हणाले, सही नसेल तर आदल्या दिवशी नाव काढू. मी म्हणालो, उड्डाणाच्या सकाळी दहापर्यंत थांबा. नाही म्हणाले. मी रोज जाऊन बसलो. त्यांच्या हँगरमध्ये, त्यांच्या घराच्या पायरीवर, काल तर त्यांच्या न्हाव्याच्या दुकानात, शेजारच्या खुर्चीत. अर्ध्या तोंडाला साबण असताना ते म्हणाले, “दहा म्हणजे दहा. एक मिनिट पुढे नाही.” दहापर्यंत वेळ आहे.

तू आली नाहीस तर ती खुर्ची दुसऱ्या कुणाला द्यायची नाही, एवढंही मी कबूल करून घेतलंय. रिकामी जाईल. एकदा माझ्यामुळे रिकामी गेली, दुसऱ्यांदा गेली तर तुझ्या मर्जीने जाईल, आणि मी त्याबद्दल कधी एक शब्द काढणार नाही.

मला तिथे काम मिळालंय. पानाबाई म्हणाल्या, “काका, उडता येणार नाही म्हणून घरी बसू नका. ठोकळे काढायला माणूस हवाय.” मी तीन दिवस सराव केला. आधी डावा, मग उजवा, मग पंख्यापासून लांब, आणि पायलटला दोन्ही ठोकळे उचलून दाखवायचे. सोपं वाटतं, पण ठोकळा हलका नसतो.

पास माझ्याकडे आहे. टपालात टाकायची छाती होत नाही. फाटकाशी देईन.

दादा

६ एप्रिल, सकाळी १० वाजून ४१ मिनिटं

चिमे,

हे हत्यारांच्या खोलीत बसून लिहितोय. ती जुनी नव्हे, आमच्या हँगरमधली, पण खोकं आहे आणि समोर पान्यांची फळी आहे. तू वर आहेस. पाऊण तास आहे माझ्याकडे. सहावं पाकीट उरलं, पण याला पत्ता लागणार नाही, हातातच देईन.

तू जे पाहिलं नाहीस ते लिहितो. साडेनऊची बस आली, तू नव्हतीस. पावणेदहा झाले. कॅप्टन घड्याळ बघत होते आणि मी त्यांच्याकडे बघत नव्हतो. डॉक्टर म्हणाले, बस उशिरा असेल. मी म्हणालो, बस केव्हाच येऊन गेली. दहाला सात मिनिटं असताना फाटकाच्या बाहेर एक टॅक्सी थांबली. आधी मेव्हणे उतरले, तोंड पाडून. मग तू.

केस पिकलेत तुझे. चालतेस मात्र तशीच, पायाखाली पट्टी धरल्यासारखी. माझ्याजवळून गेलीस, थांबली नाहीस. टेबलाशी जाऊन विचारलंस, “सही कुठे?” पेन स्वतःच्या पर्समधलं काढलंस. मग माझ्याकडे न बघता हात पुढे केलास. मी त्यावर पास ठेवला.

तू तो किती वेळ बघत होतीस ते तुला माहीत नसेल. मी बघत होतो. मग म्हणालीस, “नाव बरोबर लिहिलंय अण्णांनी.” बस एवढंच. आणि शिडीकडे गेलीस.

मी ठोकळ्यांपाशी गेलो. माझं काम चाकांकडे बघायचं होतं, पण मी शिडीकडे बघत होतो. सात पायऱ्या. तू रांगेत शेवटची. सहाव्या पायरीवर पलीकडचं इंजिन खोकलं, धूर सोडला, आणि तू थांबलीस. कठडा घट्ट धरलास. मी मनात म्हणालो, उतरली तर मी तिला एक शब्द बोलणार नाही, तोंड पुसायला फडकं देईन.

तू वळलीस. मला शोधलंस. आणि त्या आवाजात ओरडलीस, “दादा, ठोकळे नीट काढ!”

मग दारातल्या पोरीने पासाचा कोपरा फाडला. मला इतक्या लांबून तो आवाज ऐकू येणं शक्य नाही. पण मला आला.

ठोकळे मी नीट काढले. आधी डावा, मग उजवा. दोन्ही वर उचलून कॅप्टनला दाखवले. मग मागे सरलो आणि जिथे अण्णा उभे राहायचे असतील तितक्याच अंतरावर उभा राहिलो. आजीबाई धावली. आधी शेपूट उचललं. मग चाकं सुटली. मग डावं चाक आधी मुडपलं, उजवं जरा मागाहून. मी बावन्न वर्षं सांगत होतो आणि आज पहिल्यांदा पाहिलं. अण्णांनी एक शब्दसुद्धा इकडचा तिकडे केला नव्हता.

वळण घेऊन ती हँगरवरून गेली, डावी बाजू आमच्याकडे करून. तसं वळा म्हणून मी कॅप्टनना विनवलं होतं, न्हाव्याच्या दुकानातच. मी पिवळा टॉवेल आणला होता. दोन्ही हातांनी हलवला. डॉक्टर बघत होते, बघू देत. चौथ्या खिडकीत काहीतरी हललं. हात होता का डोकं, मला सांगता येणार नाही, डोळे भरून आले होते. पण या वेळी खिडकीत माणूस होतं.

माझ्या वहीतली पहिली ओळ खोडलेली आहे. तिच्यावर मी कोरी पट्टी चिकटवली आहे. तिथे तू तुझ्या अक्षरात लिही, तुझं नाव, तारीख आणि खुर्ची. माझी मोजणी दुसऱ्या ओळीपासून सुरू होईल. डॉक्टरांशी बोलून झालंय.

इंजिनांचा आवाज येतोय. उतरते आहेस. मला ठोकळे घेऊन धावलं पाहिजे, गुडघा काही का म्हणेना. फळीवर आज एकही आकृती रिकामी नाही, जाता जाता बघून घेतलं.

खाली ये. मेव्हण्यांना आधी टॅक्सीवाल्याकडे पाठव, कॅप्टनला हात करून पुढे हो, आणि इथे माझ्याशेजारी या खोक्यावर बस. खिडकीतून काय काय दिसतं ते मला अजून माहीत नाही.

आता तू सांग. सगळं सांग.

दादा